डोळ्यांचा शास्त्रज्ञ आणि नाकातले औषध

पावसाळा सरत आला की मनीषनगरहून बेसाकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांचे रिकामे प्लॉट बारीक पांढऱ्या फुलांनी भरून जातात. लांबून ते बरे दिसते. जवळ गेले की कळते, हे गाजर गवत. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतो. मूळचे मेक्सिकोकडचे हे तण आपल्याकडे पहिल्यांदा ठळकपणे नजरेत आले ते पुण्यात, १९५५ च्या सुमारास. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आले असे तेव्हापासून सांगितले जाते. आले कसेही असो, गेले मात्र नाही. त्वचेला लागले तर पुरळ उठते आणि त्याचे परागकण नाकाडोळ्यांत गेले तर काही जणांची शिंका देता देता पुरेवाट होते. त्याच्या जोडीला इतर गवतांचे पराग, पावसानंतरची बुरशी, घरातल्या गाद्या-उशांतले धुळीचे किडे आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलणारी झाडे. ज्याची प्रकृती ॲलर्जीची आहे, त्याला वर्षातले काही आठवडे तरी रुमाल हातातून खाली ठेवता येत नाही.

अशा माणसाला नाकापेक्षा डोळ्यांचा त्रास अनेकदा अधिक छळतो. डोळे खाजतात, लाल होतात, पाणी गळत राहते, पापण्यांच्या कडा सुजतात. चोळले की दोन क्षण बरे वाटते आणि नंतर दुप्पट खाज सुटते. मग कोपऱ्यावरच्या मेडिकल स्टोअरमधून डोळ्यांत टाकायचे थेंब येतात. त्या थेंबांत पुष्कळदा स्टिरॉइड असते. दोन दिवसांत डोळे पांढरेस्वच्छ होतात, म्हणून ती बाटली घरात कायमची मुक्कामाला येते आणि दरवर्षी चिठ्ठीशिवाय नवी आणली जाते. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय महिनोन्‌महिने असे थेंब घातले तर काही जणांच्या डोळ्यांतला दाब वाढतो, काचबिंदू होतो, मोतीबिंदूही लवकर येतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. शाळकरी मुलांच्या बाबतीत हे अधिकच वाईट, कारण ॲलर्जीने डोळे खाजण्याचा एक चिवट प्रकार मुलांमध्येच जास्त दिसतो आणि आपल्यासारख्या उष्ण, कोरड्या, धुळीच्या मुलखात तो फार आढळतो.

आता प्रश्न असा की ज्याला नाक आणि डोळे अशा दोन्हींचा त्रास आहे, त्याने डोळ्यांचे औषध डोळ्यांतच घातले पाहिजे का? गेल्या काही दशकांतल्या अभ्यासांनी याचे उत्तर बरेचसे नकारार्थी दिले आहे. नाकात मारायच्या स्प्रेने डोळ्यांची खाज आणि पाणीही कमी होते. ऐकायला हे विचित्र वाटते. पण याच आजाराने गांजलेल्या एका माणसाने दीडशे वर्षांपूर्वी पाठीवर झोपून स्वतःच्या नाकात औषध ओतले होते, आणि तो माणूस साधासुधा नव्हता. डोळ्याच्या आत डोकावून पाहण्याचे यंत्र जगाला ज्याने दिले, तो हाच. हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ.

हेल्महोल्ट्झ यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ चा, बर्लिनजवळच्या पॉट्सडॅमचा. वडील तिथल्या शाळेत शिक्षक. भाषा आणि तत्त्वज्ञान हे त्यांचे आवडीचे विषय. मुलगा लहानपणी सतत आजारी असे. घरात लाकडी ठोकळे होते, त्यांच्याशी खेळता खेळता भूमितीचे नियम त्याला शाळेत शिकवण्याआधीच कळून गेले होते. पाठांतरात मात्र तो कच्चा. एकमेकांशी संबंध नसलेले शब्द, सनावळ्या, व्याकरणातले अपवाद त्याच्या डोक्यात टिकत नसत. वर्गात लॅटिन कविता चाललेली असताना हा बाकाखाली कागद धरून दुर्बिणीतून प्रकाशकिरण कसे जातील याच्या आकृत्या काढत बसे. आजच्या पालकसभेत अशा मुलाबद्दल काय ऐकायला मिळाले असते, याची कल्पना वाचकांना करता येईल.

त्याला व्हायचे होते भौतिकशास्त्रज्ञ. पण शिक्षकाच्या पगारात चार मुले वाढवायची आणि एकाला विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायचे, हे जमण्यासारखे नव्हते. प्रशियाच्या सैन्याला डॉक्टर हवे होते. बर्लिनच्या एका सरकारी संस्थेत वैद्यकीय शिक्षण फुकट मिळे. अट एवढीच की नंतर आठ वर्षे सैन्यात डॉक्टर म्हणून नोकरी करायची. १८३८ मध्ये हर्मान तिथे दाखल झाला. म्हणजे जगातला एक सर्वांत मोठा भौतिकशास्त्रज्ञ पैशाअभावी डॉक्टर झाला. आपल्याकडे उलटी उदाहरणे बरीच सापडतील.

शिकत असताना १८४१ मध्ये त्याला विषमज्वर झाला. विद्यार्थी असल्यामुळे रुग्णालयात उपचार फुकट झाले आणि आजारपणाच्या काळातला भत्ता साठून राहिला. बरा झाल्यावर त्या पैशातून त्याने सूक्ष्मदर्शक विकत घेतला. त्याच सूक्ष्मदर्शकाने त्याने किड्या-गोगलगायींसारख्या प्राण्यांच्या मज्जातंतूंचा अभ्यास करून १८४२ मध्ये डॉक्टरकीचा प्रबंध लिहिला. पुढे पॉट्सडॅमच्या घोडदळात शस्त्रवैद्य म्हणून नेमणूक झाली. बराकीतच त्याने एक छोटी प्रयोगशाळा थाटली. सैनिकांची नाडी बघायची आणि उरलेल्या वेळात बेडकाचा स्नायू आकुंचन पावताना किती उष्णता निर्माण होते ते मोजायचे, असा दिनक्रम. त्यातून जुलै १८४७ मध्ये बर्लिनच्या फिजिकल सोसायटीपुढे त्याने एक निबंध वाचला. ऊर्जा निर्माण होत नाही आणि नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते, हा आज नववी-दहावीच्या पुस्तकातला नियम तिथे गणिताच्या भाषेत मांडला होता. एका प्रतिष्ठित नियतकालिकाने तो निबंध छापायला नकार दिला. हेल्महोल्ट्झ यांना तो स्वतंत्र पुस्तिका म्हणून काढावा लागला. वय तेव्हा पंचवीस.

त्याच वर्षी, १८४७ च्या उन्हाळ्यात, त्यांना पहिल्यांदा ती विचित्र सर्दी झाली. मे महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास सुरू व्हायची आणि जून संपता संपता जायची. तिने पुढे वीसहून अधिक वर्षे एकही उन्हाळा चुकवला नाही. आपण तिच्याकडे परत येऊच.

१८४८ मध्ये सैन्यातून त्यांची मुदतीआधी सुटका झाली आणि १८४९ मध्ये कोनिग्सबर्गला शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले. त्याच वर्षी ओल्गा फॉन व्हेल्टेन हिच्याशी लग्न झाले. कोनिग्सबर्गच्या पहिल्या दोन वर्षांत त्यांनी दोन अशी कामे केली की दोन्हींपैकी कोणतेही एक कुणाच्याही आयुष्याला पुरले असते.

पहिले काम मज्जातंतूंतल्या संदेशाचा वेग मोजण्याचे. त्या वेळी मोठमोठे शरीरशास्त्रज्ञ मानत होते की हा वेग इतका प्रचंड असणार की तो मोजणे माणसाच्या आवाक्यातले नाही. खुद्द हेल्महोल्ट्झ यांचे गुरू योहानेस म्युलर यांचेही मत तसेच होते. हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या पायातला मज्जातंतू घेतला, त्याला स्नायूच्या जवळ आणि मग स्नायूपासून दूर असा विजेचा धक्का दिला आणि स्नायू हलायला लागणाऱ्या वेळातला फरक मोजला. वेग निघाला सेकंदाला साधारण पंचवीस ते तीस मीटर. धावत्या रेल्वेगाडीएवढा! विचार, वेदना, शिंक या सगळ्यांना प्रवासाला वेळ लागतो, हे त्या दिवशी कळले. शिंक हा शब्द मी मुद्दाम घातला, कारण पुढे तोच मज्जातंतूंचा रस्ता आपल्या कामाला येणार आहे.

दुसरे काम ऑफ्थॅल्मोस्कोपचे. विद्यार्थ्यांना शिकवताना डोळ्यांवरचे व्याख्यान तयार करायचे होते. मांजराचे डोळे अंधारात चमकतात, मग माणसाची बाहुली नेहमी काळीच का दिसते? हेल्महोल्ट्झ यांनी कागदावर किरण काढून पाहिले. डोळ्यात जाणारा प्रकाश आतल्या पडद्यावरून परावर्तित होऊन आला त्याच वाटेने मागे जातो. म्हणजे तो दिव्याकडे जातो, पाहणाऱ्याकडे येत नाही. पाहणाऱ्याने आपला डोळा त्या वाटेत आणायचा तर त्याचेच डोके दिव्याच्या आड येते. यावर त्यांनी काढलेला तोडगा इतका साधा आहे की तो आधी कुणाला सुचला नाही याचेच नवल वाटते. तिरपी धरलेली काच घ्यायची. बाजूच्या दिव्याचा थोडा प्रकाश तिच्यावरून डोळ्यात टाकायचा आणि त्याच काचेतून आरपार आत पाहायचे. पुठ्ठा, सरस, चष्म्याची भिंगे आणि सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या एवढ्या साहित्यावर हे यंत्र उभे राहिले. काही दिवसांच्या खटपटीनंतर जिवंत माणसाच्या डोळ्याचा आतला पडदा, त्यावरच्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू बाहेर पडतो ती फिकट गोल चकती त्यांना स्पष्ट दिसली. डिसेंबर १८५० मध्ये त्यांनी हे बर्लिनला कळवले आणि १८५१ मध्ये पुस्तिका छापली.

तोवर डोळ्यांच्या वैद्याची स्थिती बंद दारापुढे उभ्या माणसासारखी होती. बाहेरून डोळा धडधाकट दिसतो आणि रोग्याला तर दिसत नाही. आत काय बिघडले ते कळायला मार्ग नव्हता. हे यंत्र आले आणि पुढच्या काही वर्षांतच काचबिंदूत त्या फिकट चकतीला पडणारा खड्डा डॉक्टरांनी पाहिला. आज मेडिकलच्या किंवा मेयोच्या नेत्रविभागात डॉक्टर डोळ्याजवळ दिवा आणून वाकून पाहतात, तेव्हा त्या हातातल्या यंत्राचा पूर्वज तो पुठ्ठ्याचा नमुना असतो.

कोनिग्सबर्गची थंड, दमट हवा ओल्गाला मानवत नव्हती. म्हणून १८५५ मध्ये कुटुंब ऱ्हाइन नदीकाठच्या बॉनला आले आणि १८५८ मध्ये हायडेलबर्गला. तरीही १८५९ च्या डिसेंबरात ती गेली. दोन लहान मुले मागे राहिली. १८६१ मध्ये त्यांनी आना फॉन मोल यांच्याशी दुसरे लग्न केले. याच धकाधकीच्या वर्षांत डोळ्यांच्या प्रकाशशास्त्रावरचा तीन भागांचा महाग्रंथ लिहिला जात होता, जो १८६७ मध्ये पूर्ण झाला. आणि मध्येच १८६३ मध्ये स्वर आणि श्रवण यांच्यावरचा ग्रंथ निघाला. हा दुसरा ग्रंथ तरुण वयात वाचून भारावलेला एक भारतीय म्हणजे चंद्रशेखर वेंकट रामन. वाद्यांच्या तारांवरचे त्यांचे सुरुवातीचे संशोधन हेल्महोल्ट्झ यांच्याच वाटेवरचे आहे, आणि अर्थखात्याच्या नोकरीत असताना हे रामन काही काळ आपल्या नागपुरातही होते.

आता ती सर्दी. इंग्लंडात तिला हे फीवर म्हणत, कारण ती गवत कापणीच्या दिवसांत येई. जॉन बॉस्टॉक नावाच्या डॉक्टरांनी १८१९ मध्ये लंडनच्या वैद्यक सभेत स्वतःच्याच दुखण्याचे वर्णन वाचले, तिथून या आजाराचा इतिहास सुरू होतो. गंमत म्हणजे त्यांनी आपल्या निबंधाच्या मथळ्यात नाकाचे नाव घेतले नव्हते. डोळे आणि छाती यांचा ठरावीक काळाने येणारा विकार असे म्हटले होते. त्यांच्या लेखी दुखणे डोळ्यांच्या कडांपासून सुरू होई. त्यांनी रक्त काढणे, जुलाब, अफू, पारा, थंड पाण्याची अंघोळ असे सगळे करून पाहिले. कशाचाच उपयोग झाला नाही.

हेल्महोल्ट्झ यांच्या तक्रारींचा भर नाकावर होता. ऊन लागले की शिंकांची सरबत्ती सुरू होई. नाकातून पातळ, झोंबणारे पाणी वाहत राही. काही तासांत नाक आतून-बाहेरून सुजून दुखायला लागे, मग डोकेदुखी, कणकण आणि विलक्षण थकवा. थंड खोलीत जाऊन बसले की दुखणे आले तसे ओसरे. एरवी वर्षभर या माणसाला साधे पडसेही क्वचितच होत असे. इतक्या नियमित येणाऱ्या आजाराला काहीतरी ऋतूबरोबर उगवणारे कारण असणार, असा त्यांनी तर्क केला, आणि तो बरोबर होता. पुढचा तर्क मात्र चुकला. नाकातले पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहता त्यांना सलग पाच वर्षे, फक्त याच दिवसांत, अतिसूक्ष्म जंतू दिसले. तेच या रोगाचे मूळ असावे असे त्यांना वाटले. तो काळच तसा होता. पाश्चर यांच्या प्रयोगांनी जंतूंचे जग नुकते उघडले होते आणि जो तो तिकडे पाहत होता.

याच सुमारास बॉनचे औषधशास्त्रज्ञ कार्ल बिंझ यांनी दाखवले की क्विनाइनमुळे पाण्यातले सूक्ष्म जीव मरतात. क्विनाइन म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या ओळखीचे, हिवतापावरचे कडूजहर औषध. ते वाचल्याबरोबर हेल्महोल्ट्झ यांनी १८६७ च्या उन्हाळ्यात प्रयोग करायचे ठरवले. आठशे भाग पाण्यात एक भाग क्विनाइन, इतके सौम्य द्रावण. पाठीवर उताणे झोपायचे, डोके अगदी खाली घ्यायचे, काचेच्या नळीने दोन्ही नाकपुड्यांत मिळून चमचाभराला थोडे कमी, सुमारे चार मिलिलिटर, द्रावण सोडायचे आणि डोके इकडेतिकडे वळवून ते आत सर्वत्र पोचवायचे. थोडी जळजळ झाली. पण काही तास उन्हात फिरूनही शिंक आली नाही. दिवसातून तीनदा केले की भर उन्हाळ्यातही त्रास होईना. १८६८ मध्ये पहिली शिंक येताच त्यांनी उपचार सुरू केला आणि दुखणे वाढूच दिले नाही. हे सगळे त्यांनी बिंझ यांना पत्राने कळवले आणि १८६९ मध्ये बिंझ यांनी ते वैद्यकीय नियतकालिकात छापले. पुढे जॉन टिंडॉल या भौतिकशास्त्रज्ञाने ते इंग्रजी वाचकांपर्यंत नेले.

एका रोग्यावरचा प्रयोग, तोही स्वतःवरचा. आजच्या कसोटीला तो पुरावा म्हणून उतरणार नाही. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली तर त्याच वर्षांत वेगळ्याच वाटेने चालले होते. ते होमिओपॅथीचे वैद्य आणि स्वतः याच आजाराचे रोगी. १८५९ पासून त्यांनी गवताचे पराग स्वतःच्या नाकात, डोळ्यात आणि खरवडलेल्या त्वचेवर लावून परिणाम टिपले, चिकट काचपट्ट्यांवर हवेतले पराग पकडून मोजले, त्यासाठी पतंगही उडवले. १८७३ च्या त्यांच्या ग्रंथाने सिद्ध केले की दोष जंतूंचा नाही, उन्हाचाही नाही, परागकणांचा आहे. तो ग्रंथ डार्विन यांनी वाचून त्यांना पत्रे लिहिली. हेल्महोल्ट्झ यांचा सिद्धांत तिथे मोडला.

मग क्विनाइनने त्यांना आराम का पडला असावा? माझ्या मते निदान काही श्रेय त्या धुण्याला द्यायला हवे. दिवसातून तीनदा नाकाचा कोपरा न्‌ कोपरा धुऊन निघाला तर पराग तिथे चिकटून बसायला उरणार किती? आपल्याकडची जलनेती हेच करते, आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे हा आज ॲलर्जीच्या उपचारातला मान्य भाग आहे. पाणी मात्र उकळून गार केलेले किंवा निर्जंतुक हवे, थेट नळाचे नको. कारण समजले नव्हते तरी जागा बरोबर निवडली होती, असे या प्रयोगाबद्दल म्हणता येईल.

जागा बरोबर का, ते कळायला शंभराहून अधिक वर्षे गेली. डोळ्यातले अश्रू एका बारीक नळीने नाकात उतरतात हे सगळ्यांना माहीत आहे. रडताना नाक गळते ते त्यामुळे. नाकात मारलेला स्प्रे त्या नळीने वर चढून डोळ्यात जात असेल, असे अनेकांना वाटते. तसे काही फारसे होत नाही. खरा दुवा मज्जातंतूंचा आहे. नाकाच्या अस्तराला पराग चिकटला की तिथल्या पेशींतून हिस्टामिन सुटते आणि मज्जातंतूंची टोके चाळवतात. तो संदेश मेंदूच्या देठाशी जातो आणि तिथून दुसऱ्या मज्जातंतूंनी अश्रुग्रंथींकडे आणि डोळ्यांतल्या रक्तवाहिन्यांकडे वळतो. परिणामी डोळ्यात एकही परागकण न जाता डोळे लाल होतात आणि पाझरतात. शिकागोतल्या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याचा चांगला दाखला आहे. त्यांनी स्वयंसेवकांच्या फक्त एका नाकपुडीत ॲलर्जी आणणारा पदार्थ लावला, तर त्रास दोन्ही डोळ्यांना झाला. आणि त्याच नाकपुडीत आधी ॲलर्जीविरोधी औषध मारले, तर डोळ्यांचा त्रास कमी झाला. बेडकाच्या पायातला संदेश ज्यांनी घड्याळ लावून मोजला, त्या हेल्महोल्ट्झ यांना हा प्रयोग नक्की आवडला असता.

नाकातल्या स्टिरॉइडचे स्प्रे १९७० च्या दशकात आले. फ्लुटिकासोन आणि मोमेटासोन ही आज नेहमी दिसणारी नावे. एका फवाऱ्यात औषध असते साधारण पन्नास मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा वीस हजारावा भाग. ते नाकाच्या अस्तरावरची सूज शांत करते. घशातून पोटात गेलेला भाग यकृतात बहुतेक सगळा मोडून जातो. म्हणून गोळीतल्या स्टिरॉइडची भीती या स्प्रेला जशीच्या तशी लावू नये. नाकातली सूज शांत झाली की डोळ्यांकडे जाणारे संदेशही मंदावतात. अनेक चाचण्यांत या स्प्रेंनी डोळ्यांची खाज, लाली आणि पाणी कमी केल्याचे दिसले. परिणाम नाकावर जितका होतो तितका मात्र डोळ्यांवर होत नाही, हे लक्षात ठेवावे. अझेलास्टिन हे ॲलर्जीविरोधी औषध आणि स्टिरॉइड एकत्र असलेले स्प्रेही मिळतात. ते लवकर काम करतात, पण चव कडवट लागते.

एवढे असूनही स्प्रेने काही होत नाही अशी तक्रार नेहमी ऐकू येते. बहुतेक वेळा चूक औषधाची नसते. शिंक आली की एकदा मारला आणि बंद केला, असे हे औषध नाही. ते रोज घ्यावे लागते. पहिला फरक एकदोन दिवसांत जाणवला तरी पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे जातात. ज्याचा त्रास दरवर्षी सप्टेंबरात सुरू होतो, त्याने डॉक्टरांना विचारून तो आधीच सुरू करावा. हेल्महोल्ट्झ यांनी १८६८ मध्ये पहिल्या शिंकेलाच उपचार सुरू केला होता. त्यांची उताणे झोपण्याची पद्धत मात्र स्प्रेला चालत नाही. तो चार मिलिलिटर द्रावणाचा लोंढा होता, इथे फवारा जेमतेम एक दशांश मिलिलिटरचा. डोके मागे टाकले तर औषध सरळ घशात उतरते आणि वाया जाते. आधी नाक हलके शिंकरून घ्यावे, मान किंचित पुढे झुकवावी, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने स्प्रे धरावा. त्यामुळे फवाऱ्याचा रोख आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने जातो. मधल्या पडद्यावर मारत राहिले तर तो कोरडा पडून नाकातून रक्त येते. फवारा मारताना श्वास हळू घ्यावा. जोरात ओढू नये. मेडिकलमध्ये मिळणारे, चोंदलेले नाक पाच मिनिटांत मोकळे करणारे थेंब हे वेगळे औषध आहे. ते चार-पाच दिवसांपलीकडे वापरले तर नाक त्यांच्यावाचून उघडतच नाही.

ज्याचे नाक ठीक आहे आणि फक्त डोळेच खाजतात, त्याने नाकात स्प्रे मारण्यात फारसा अर्थ नाही. त्याच्यासाठी ओलोपॅटाडिनसारखे, स्टिरॉइड नसलेले ॲलर्जीविरोधी थेंब असतात. बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याची घडी बंद डोळ्यांवर ठेवली तरी खाज बरीच उतरते. दुचाकीवर काचेचा हेल्मेट आणि घरी आल्यावर तोंड धुणे यांनीही पराग कमी पोचतात. काचबिंदू असलेल्यांनी नाकाचा स्टिरॉइड स्प्रेसुद्धा नेत्रतज्ज्ञांना सांगूनच घ्यावा आणि डोळ्यांचा दाब तपासत राहावा. डोळा दुखत असेल, एकच डोळा लाल असेल, उजेड सहन होत नसेल, नजर धूसर झाली असेल किंवा पू येत असेल तर ती ॲलर्जी समजून घरी बसू नये.

हेल्महोल्ट्झ १८७१ मध्ये बर्लिनला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. तरुणपणी जे शिकायला पैसे नव्हते, ते पन्नाशीत शिकवायला मिळाले. रेडिओ लहरी शोधणारा हाइनरिख हर्ट्झ हा त्यांचा विद्यार्थी. १८८३ मध्ये सम्राटाने नावापुढे फॉन लावण्याचा मान दिला, आणि मोजमापाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष तेच झाले. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने ते अमेरिकेला गेले. परतताना जहाजाच्या जिन्यावरून पडले, खूप रक्त गेले. पुढच्या वर्षी जुलैत त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ८ सप्टेंबर १८९४ रोजी ते वारले.

थेंबांची बाटली वर्षानुवर्षे जवळ बाळगणाऱ्यांनी एकदा नेत्रतज्ज्ञांकडे जावे. बाटली रिकामी असली तरी सोबत न्यावी, तिच्यावरचे नाव वाचून आत स्टिरॉइड होते की नाही ते कळते. मग दाब मोजला जाईल, बाहुली मोठी करणारे थेंब घातले जातील आणि डॉक्टर तिरप्या प्रकाशाच्या त्याच युक्तीने आतली फिकट चकती पाहतील. त्यानंतर काही तास धूसर दिसते, तेव्हा जाताना गाडी चालवायला कुणालातरी बरोबर घ्यावे.